कासवाची घाई

तेलाच्या विहिरीवर सगळे त्याला कासव म्हणत. त्याचं वाईट वाटून घ्यायला त्याने इतका वेळ लावला की तोवर नाव अंगवळणी पडलं. घरीही तीच तऱ्हा. मुलगी पसंत आहे हे कळवायला त्याने एवढा उशीर केला होता की सासऱ्यांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं. बायको हे अजून ऐकवते. तो ऐकून घेतो आणि यथावकाश उत्तर देतो.

नोकरीत मात्र हाच गुण कामाला आला. तेलाच्या विहिरीच्या तोंडावर तेल आणि गॅस किती सुटावा हे ठरवणारी झडप असते, तिला चोक म्हणतात. तो चोक कासवाच्या ताब्यात. तिथल्या विहिरी आडव्या. आधी सरळ खाली जातात, मग वळून खडकाच्या थरातून लांबवर पसरतात. त्या खडकाला पाण्याच्या जोराने भेगा पाडतात आणि भेगा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. झडप एकदम उघडली की वाळू तेलाबरोबर बाहेर येते, भेगा मिटतात, पाइप बुजतो आणि सगळ्या खटाटोपावर पाणी पडतं. म्हणून चोक केसाकेसाने उघडायचा. वरच्यांना पहिल्याच आठवड्यात उत्पादनाचा मोठा आकडा हवा असे. कासव मान डोलवायचा आणि आपल्याच चालीने उघडायचा. त्याच्या विहिरी टिकायच्या, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नसे.

त्याची मुलगी इंजिनियर होऊन त्याच कंपनीत लागली. तिची पहिली विहीर नेमकी बापाच्या चोकवर आली. कामावर ती त्याला ‘ऑपरेटर’ म्हणायची, तो तिला ‘मॅडम’. संध्याकाळी दोघं एकाच स्कूटरवरून घरी जायचे आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत एकमेकांशी बोलायचे नाहीत. ही विहीर नीट चालली तर तिची नोकरी पक्की होणार होती, नाहीतर नारळ. चोक किती हळू उघडायचा ते तिने स्वतः ठरवलं, आणि ते इतकं हळू होतं की कासवाचा ऊर भरून आला. मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असंही तिने सर्वांदेखत बजावलं.

मग एकदा चहाच्या टपरीवर मोठे साहेब हसत म्हणाले की मॅडमची विहीर बापाच्या वळणावर गेलेली दिसते. स्वतःबद्दल असली बोलणी कासवाने जन्मभर पचवली होती. ही मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

दोन दिवसांनी तिला विहिरीचा हिशोब द्यायला मुख्य कचेरीत बोलावलं. ती तिथे सगळ्यांसमोर बसलेली असताना आकडा चढलेला दिसावा, पोरीची मान ताठ राहावी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने चोक भराभर उघडला. आकडा चढला. कासवाने उभ्या उभ्या चहा घेतला, जे तो कधी करत नसे. कप खाली ठेवतो न ठेवतो तोच पाइपमधून खडखड ऐकू आली, पत्र्यावर रेती ओतल्यासारखी. त्याने धावत जाऊन चोक आवळला. पण वाळू सुटली ती सुटली. दुसऱ्या दिवशी विहीर गप्प झाली होती.

ती आली, प्रेशरचा काटा बघितला, चोक बघितला. त्याने सांगायला बरंच काही जुळवून ठेवलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली. विहिरीवर हा शब्द पहिल्यांदाच निघाला. “जन्मभर कुणासाठी घाई केली नाहीत. माझ्यासाठीच का केलीत?”



तो तडक मोठ्या साहेबांकडे गेला आणि सगळं आपल्या अंगावर घेतलं. साहेबांनी त्याला चोकवरून काढून फाटकावर बसवलं. मुलीला त्यांनी सांगितलं की विहीर साफ करून पुन्हा चालवून दाखव, जमलं नाही तर दुसरीकडे बघ. घरी बायकोने त्याला एका शब्दाने टोकलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

मुलीने विहिरीत बारीक नळी सोडून वाळू धुऊन काढली. चोक उघडायची वेळ आली तेव्हा तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कासव फाटकाच्या गजांना धरून बघत होता. तिने चोक केसभर फिरवला आणि पाइपला कान लावून उभी राहिली. पुन्हा केसभर, पुन्हा कान. इतकं हळू कुणी उघडतं का, असं कासवाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बऱ्याच वेळाने ती सरळ झाली आणि फाटकाकडे वळून, वाळू नाही अशी मान हलवली.

त्या संध्याकाळी स्कूटर ती चालवत होती. घर जवळ आलं तेव्हा कुठे कासवाने तिच्या पाठीला टेकून, चुकलं माझं, असं सांगितलं. तिने स्कूटर आणखी हळू केली.