ओल्या केसांची लाज

आमच्या शेजारचा बचित्तर सिंग अंगानं दांडगा. गव्हाचं पोतं एकटा उचलून ट्रॉलीत टाकेल. समज तेवढी जरा सावकाश येणारी. तिशी उलटली तरी त्याला न्हाऊ घालायची ती बेबे, म्हणजे त्याची आई. दही लावून केस धुवायचे, आतल्या अंगणात चादरीच्या आडोशानं वाळवायचे, विंचरून जुडा बांधायचा, वर पगडी. मग पठ्ठ्या बाहेर पडायचा तो नवरदेवासारखा!

यंदा गहू पिवळा पडायला लागला तेव्हा बेबे घसरली आणि मनगट मोडून बसली. घरात धाकट्या भावाची बायको होती, पण भावजयीसमोर हा पगडीही काढीना. शेवटी बेबे खाटेवरून सांगत गेली आणि हा स्वतःच शिकला. काखेत साबण कसा लावायचा, दातण कुठवर फिरवायचं, सगळं. मला थोरला काका मानतो, म्हणून कुंपणावरून हाक मारायचा, "ताया, नखं बघा!" मीही एकेक बोट धरून बघायचो. काय मजा वाटायची म्हणून सांगू!

पण थोड्याच दिवसांत त्याच्या डोक्याला वास यायला लागला. गुरुद्वारात लंगरला बसलो होतो, तर शेजारी बसलेला करतारा सगळ्यांदेखत म्हणाला, "ओय बचित्तरा, तुमच्या घरचं पाणी आटलं का रे?" पंगत हसली. बचित्तरनं ताटातली डाळ तशीच ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला. लंगरचं ताट टाकून उठलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ डोक्यावरून न्हाऊ लागला. वास उलट वाढला! शेवटी भाऊ वैतागून म्हणाला, "बेबे, याचे केस कापून टाकू. याला नाही जमायचं." बेबे रडायलाच लागली. त्या घरात कुणाच्या केसांना कात्री लागलेली नव्हती. "बैसाखीपर्यंत तरी थांब रे," एवढंच ती म्हणाली. बचित्तर दाराआड दोन्ही हातांनी पगडी गच्च धरून उभा होता.

मी त्याला आमच्या घरी आणलं. "सोड पगडी."

"नको ताया."

"सोड म्हणतो ना! इथं मी आणि म्हैस, दोघंच आहोत."

सोडली. हात लावून बघतो तर केस चिंब. सकाळी न्हालेला आणि आता दुपार उलटलेली!

"वाळवत का नाहीस रे?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत पुटपुटला, "अंगणात भावाची बायको असते. गच्चीवरून सगळ्या बायका बघतात. मोकळे केस... मला लाज वाटते."

म्हणून हा ओल्यावरच पगडी आवळायचा!

"अरे वेड्या," मी म्हणालो, "तू घाणेरडा नाहीस, तू ओला आहेस!"

दुसऱ्या दिवशी त्याला गच्चीवर नेलं आणि आधी माझीच पगडी काढून उन्हात बसलो. समोरच्या गच्चीवरून जागीरो ओरडली, "बाबाजी, केस वाळवताय की शोधताय?"

"शोधतोय गं! सापडले तर तुला देतो!"

बचित्तरला हसू फुटलं. मग पाठ फिरवून त्यानं हळूच पगडी उतरवली. कान लालबुंद. दर थोड्या वेळानं बांधायला उठायचा. मी म्हणायचो, "मुळाशी बोट घाल. गार लागतंय? मग बस खाली."

बैसाखीला पंगतीच्या टोकाला, थोडं अंतर राखून बसला. करतारानं एकदा नाक वर करून हुंगलं, मग सरकून जवळ बसला. भावानं कात्रीचं नाव पुन्हा काढलं नाही.

लाज गेली असं मात्र नाही हं. आता एकटाच गच्चीवर जातो, भिंतीकडे तोंड करून केस मोकळे सोडतो. कुणा बाईचा आवाज आला की डोळे घट्ट मिटून घेतो. पण केस वाळेपर्यंत उठत नाही.