बीटॉकच्या चढावर त्रेचाळीस टक्के

आमच्या बर्मिंगहॅमच्या डेपोत पहिली इलेक्ट्रिक लॉरी आली, तेव्हा सगळ्या ड्रायव्हरांनी तिच्याभोवती एकेक फेरी मारली. कुणी टायरवर बूट आपटून बघितला, कुणी फोटो काढले. चावी घ्यायला मात्र कुणी पुढे आलं नाही. डिझेलची गाडी रिकामी झाली तर दहा मिनिटांत भरता येते, ही रिकामी झाली तर काय, असा प्रत्येकाचा प्रश्न होता. वीस-वीस वर्षं गाडी चालवलेल्या लोकांचा प्रश्न होता, त्यामुळे त्याला हसण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या लायसन्सला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याआधी मी त्याच डेपोच्या ऑफिसात बसून इतरांच्या फेऱ्या आखत होते, आणि त्याच्याही आधी सोलापूरला आठवी-नववीला गणित शिकवत होते. नवऱ्याला इथल्या बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं म्हणून आम्ही आलो. तीन वर्षं मी नकाशावर माणसं पाठवली आणि एक दिवस वाटलं, की ही गावं आपण कधी बघणार? लॉरीची परीक्षा देणार असं घरी सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, “तू सिरियस आहेस?” मी आहे म्हटलं. मग त्याने त्यावर दुसरा प्रश्न विचारला नाही. रिव्हर्समध्ये एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. माझी आई अजूनही सोलापुरात सांगते, की मुलगी ट्रान्सपोर्टमध्ये आहे. ते खोटंही नाही.

तर सुपरवायझरने मला विचारलं आणि मी हो म्हटलं. सुरुवातीचे दोन महिने जवळच्या फेऱ्या केल्या. जानेवारीत त्याने ग्लासगोजवळच्या आमच्या डेपोची फेरी दिली.

माल होता घरी डायलिसिस करणाऱ्या रुग्णांसाठीचं द्रव. प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या, प्रत्येक खोक्यात दोन, आणि अशी खोकी ट्रेलरभर. हे द्रव एकदा गोठलं की फेकूनच द्यावं लागतं. म्हणून ट्रेलरमध्ये हीटर होता, आणि तो गाडीच्या बॅटरीवर चालत होता. म्हणजे गाडी चालवायची वीज, माल उबदार ठेवायची वीज आणि मला उबदार ठेवायची वीज, तिन्ही एकाच ठिकाणाहून येणार होत्या.

पहाटे पाचला निघाले. बाहेर उणे चार होतं. लॉरी सुरू झाली हे स्टिअरिंगमागचा पडदा उजळला म्हणूनच कळायचं. ठरवल्याप्रमाणे प्रेस्टनच्या अलीकडे पहिलं चार्जिंग केलं. थंडीत बॅटरी वीज सावकाश घेते, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि तिथे उभं राहून आकडा चढायची वाट बघणं वेगळं. हिशोबाने जितका वेळ लागायला हवा होता तितक्या वेळात नव्वद टक्के व्हायला हवे होते, झाले एकाहत्तर. पुढे शॅपचा लांबलचक चढ आणि समोरून वारा. कार्लाइलजवळ दुसऱ्या चार्जरपाशी पोचले तोवर बर्फ भुरभुरायला लागला होता.

तिथे दोन चार्जर होते, त्यातला एक बंद होता. दुसरा होता मोटारींच्या रांगेत, आणि ट्रेलरसकट लॉरी तिथे वळवणं शक्य नव्हतं. मग ट्रेलर सोडवला. त्याचे पाय हाताने फिरवून खाली सोडायचे, ब्रेकच्या हवेचे होसपाइप काढायचे, जोडणीची पिन ओढायची. हातमोजे घालून पिन पकडता येईना आणि काढले तर लोखंड बोटांना चिकटायला लागलं. चार्जरची जाड केबल थंडीने इतकी ताठ झाली होती, की ती खांद्यावर घेऊन अंगाच्या जोराने वाकवावी लागली. ट्रेलर सोडलेला असताना त्यातला हीटर बंद, म्हणून दर दहा मिनिटांनी जाऊन तापमान बघत होते. चौसष्ट टक्के झाले तेव्हा सगळं परत जोडलं आणि निघाले. चौसष्ट पुरेसे होते. मी दोनदा हिशोब केला होता.

फक्त त्या हिशोबात रस्ता उघडा धरलेला होता.

स्कॉटलंडात शिरल्यावर बर्फ वाढला. एक वाजून गेला असेल, बीटॉकच्या चढाला लागले आणि पुढच्या सगळ्या गाड्यांचे ब्रेकचे दिवे लागले. वर एक लॉरी घसरून रस्त्यात आडवी झाली होती. ड्रायव्हरला काही झालेलं नाही, पण रस्ता मोकळा व्हायला वेळ लागेल, असं रेडिओवर सांगितलं. पडद्यावर एकोणपन्नास टक्के होते.

मी पहिल्यांदा काय केलं, तर केबिनचा हीटर बंद केला. कोट घातला, पायावर घोंगडी घेतली आणि सुपरवायझरला फोन लावला.

“मालाचं तापमान किती आहे?” त्याने विचारलं.

“बारा.”

“मग ठीक. ते सांभाळ. तू कोट घालून बसू शकतेस, पिशव्या नाही.”

हे मला पटलेलंच होतं. फोन ठेवतेय तोवर घरून मुलीचा फोन आला. ती दहा वर्षांची, शाळेला बर्फाची सुट्टी मिळाली होती. “आई, तुझी ट्रक चालतंय का?” मी म्हटलं, “माझा ट्रक. आणि नाही, आत्ता उभा आहे.” ती म्हणाली, “मग बॅटरी सेव्ह होतंय ना?” मी हो म्हटलं, पण त्या प्रश्नाने डोकं जरा जागेवर आलं.

शेजारच्या लेनमध्ये एक छोटी निळी मोटार उभी होती. मी उंचावर बसलेली, त्यामुळे तिच्या आत सरळ दिसत होतं. एक म्हाताऱ्या बाई एकट्याच होत्या. आधी त्या हातमोज्याने काचेवरची वाफ पुसत होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी पुसणं सोडलं. इंजिन बंद, कारण मागच्या नळीतून धूर येत नव्हता. आणखी पंधरा मिनिटं मी बघत बसले. नियमाप्रमाणे आमच्या केबिनमध्ये बाहेरचं माणूस घ्यायला परवानगी नाही. शिवाय त्यांना घेतलं तर हीटर लावावा लागणार. हे सगळं मनात चाललं होतं ते कबूल करायला हवं. मग मी खाली उतरले आणि त्यांच्या काचेवर टकटक केली.

त्यांनी काच दोन बोटं खाली केली. “पेट्रोल कमी आहे,” त्या म्हणाल्या. “चालू ठेवलं तर घरी पोचणार नाही.”

“माझ्या केबिनमध्ये येता का? तिथे ऊब आहे.”

ऊब अजून नव्हती, पण होणार होती.

लॉरीच्या पायऱ्या उंच असतात. मला वाटलं, त्यांना चढवावं लागेल. पण त्यांनी आधी दांडा धरला, मग पाय ठेवला, आणि एक-दोन-तीन करत वर जाऊन बसल्या. गाड्यांवर काम केलेलं माणूस असंच चढतं. मी हीटर लावला. त्यांचे ओठ निळसर झाले होते. थर्मासमधला चहा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला, पहिल्यांदा प्यायल्याच नाहीत.

सुपरवायझरला परत फोन करून सांगितलं, कारण लपवणं मला जमत नाही. “माझ्या केबिनमध्ये एक पॅसेंजर आहे.”

त्याने विचारलं, “गाडी चालतेय का?”

“नाही.”

“मग तो पॅसेंजर नाही,” म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आता हिशोब नीट करायला हवा होता. डिलिव्हरीच्या कागदाच्या मागे मी आकडे मांडले. ट्रेलरचा हीटर तासाला किती वीज खातो, केबिनचा किती, बॅटरी एकूण केवढी. उत्तर आलं ते बघून मी परत एकदा गुणाकार केला. चार तास दोन्ही हीटर चालले तरी जेमतेम सहा टक्के जाणार होते. वीज खरी खायचं ते गाडीचं पळणं. उभ्या गाडीत मी तासभर कुडकुडत बसले होते ते अर्ध्या टक्क्यासाठी. आठवीच्या मुलांना मी सांगायचे, आधी मांडा, मग घाबरा. स्वतः मात्र उलटं केलं होतं.

“तू शिक्षिका होतीस का?” बाईंनी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“उत्तराखाली दोन रेघा मारल्यास.”

मग त्या बोलायला लागल्या. वय ऐंशी. कार्लाइलला बहिणीकडे राहून घरी, लॅनार्ककडे, चालल्या होत्या. विशीत ग्लासगोत त्या बसच्या कंडक्टर होत्या. त्यांच्या पहिल्या बसगाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या, वर तारा असायच्या, त्यांना लांब दांड्यांनी जोडलेल्या. “आवाजच नसायचा,” त्या म्हणाल्या. “पोरं रस्त्यात खेळत असली की मी दारात उभी राहून ओरडायची. लोक तुझ्या या गाडीला नवीन म्हणतात? मला तर ओळखीची वाटली.”

“तुम्ही बस चालवत नव्हतात?”

“दोनदा अर्ज केला. पहिल्या वेळी साहेब हसला. दुसऱ्या वेळी म्हणाला, तुझे पाय पेडलपर्यंत पोचणार नाहीत. मी म्हटलं, बसवून बघा. त्याने बसवलं नाही.” त्यांनी माझ्या सीटखाली वाकून पेडलकडे बघितलं. “पोचले असते,” म्हणाल्या.

मी म्हटलं, “बसा ना. गाडी बंदच आहे.” आम्ही जागा बदलल्या. सीट बटणाने पुढे येते, ती आणली. त्यांचे बूट पेडलवर व्यवस्थित टेकले. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले, आधी समोर पांढऱ्या रांगेकडे बघितलं, नंतर एकेका आरशात. मग म्हणाल्या, “आरसे चांगले मोठे आहेत.”

डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. चटणी तिखट आहे असं मी दोनदा बजावलं. त्यांनी एक दशमी सावकाश संपवली, आमच्या ओटच्या भाकरीसारखी लागते म्हणाल्या, आणि दुसरी मागून घेतली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं तरी ती सोडली नाही. सोलापूर कुठे आहे, तिथे बर्फ पडतो का, हे विचारलं. मी म्हटलं, तिथे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या म्हणाल्या, “म्हणजे इथल्या आजच्यासारखंच, फक्त दुसऱ्या बाजूने.”

चार वाजता अंधारलं. पाचच्या सुमारास पुढे पिवळे दिवे फिरताना दिसले आणि रांग हलण्याची चिन्हं दिसली. पडद्यावर त्रेचाळीस टक्के होते. म्हणजे हिशोब बरोबर आला होता.

“तुझ्या गाडीमागे किती रांग झाली बघ,” बाई उतरताना आरशात बघून म्हणाल्या. “आता मी पुढे जाते. तू मागे राहा. घसरले तर तुला दिसेल.”

तसंच केलं. निळी मोटार पुढे, मी मागे, ताशी तीस मैलांनी. माथा ओलांडल्यावर उतार लागला. उतारावर ही लॉरी ब्रेक लावता लावता स्वतःच थोडी वीज परत भरून घेते. नेहमी मला त्याचं कौतुक वाटतं, त्या दिवशी लक्षच नव्हतं. माझी नजर समोरच्या दोन लाल दिव्यांवर होती. एकदा मोटार डावीकडे सरकली, पण त्यांनी ब्रेक मारला नाही, नुसता पाय काढला आणि गाडी हळूच सरळ घेतली. त्या साहेबाने खरंच बसवून बघायला हवं होतं.

त्यांचा फाटा आला तेव्हा त्यांनी इंडिकेटर बराच आधी दिला. वळताना काच खाली करून हात बाहेर काढला, त्या थंडीत. मी हॉर्न वाजवला. आम्ही एकमेकींची नावं विचारलीच नव्हती हे तेव्हा लक्षात आलं.

साडेसहाला डेपोत पोचले. तेरा टक्के उरले होते. तिथल्या गोडाऊनच्या माणसाने ट्रेलर उघडला, तीन-चार ठिकाणी तापमापी लावली, दोन खोकी फोडून पिशव्या दाबून बघितल्या आणि सही केली. “सकाळी आठला यातली पहिली खोकी घराघरांत जायला लागतील,” म्हणाला. “आज आली नसती तर उद्या मला फोन करत बसावं लागलं असतं.” हे त्याने कोरड्या आवाजात सांगितलं आणि तो फोर्कलिफ्टकडे गेला. मी लॉरी चार्जरला लावली. इथला चार्जर लॉरीसाठीच बांधलेला होता, सरळ आत जाता येत होतं. एवढ्या साध्या गोष्टीने मला भरून आलं, तेव्हा कळलं की आपण किती दमलोय.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. झोपून, आंघोळ करून, शंभर टक्के घेऊन परत निघाले. बीटॉकला बर्फ रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवलेला होता, राखाडी झालेला. जिथे आम्ही चार तास बसलो होतो तो तुकडा मी ओळखायचा प्रयत्न केला, पण रिकाम्या रस्त्यावर सगळे तुकडे सारखेच दिसत होते. मिनिटभरात तो मागे पडलाही असेल. मी हीटर एक अंशाने वाढवला आणि पुढे गेले.