चोवीस म्हणजे चोवीस

आमची सून रेवती हट्टी आहे, हे मी लग्नाच्या बैठकीतच ओळखलं होतं. श्रीरंगला, माझ्या लेकाला, तेव्हाच म्हटलं, "बघ बाबा, ही कुणाचं ऐकणारी नाही." ऐकतो कोण? तो सरकारी नोकर, एका सहीआधी तीनदा विचार करणारा, आणि बायको ही अशी!

नोएडातल्या एका खासगी लॅबमध्ये ती नमुने उतरवून घेते. तापकऱ्यांच्या नाकात काडी फिरवून गुलाबी पाण्याच्या बाटलीत बुडवतात, त्या बाटल्या. बर्फाच्या पेटीतून येतात. पेटी उघडायची, आतला थर्मामीटर बघायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा. दोन ते आठमध्ये असेल तर ठीक, नाहीतर परत. विषाणूला ऊब सोसत नाही म्हणे. बाटलीतच मोडतो, मग मशीनला सापडत नाही. माणूस तापाने फणफणलेला आणि रिपोर्ट निगेटिव्ह!

यंदा चैत्रात मानेसरच्या एका कारखान्यातून छत्तीस बाटल्या आल्या. ड्रायव्हर ढाब्यावर जेवत बसला, पेटी गाडीत उन्हात. थर्मामीटरवर चोवीस. रेवतीने चोवीस लिहिलं, 'नामंजूर, नमुने पुन्हा घ्या' असा शिक्का मारला आणि कारखान्याच्या डॉक्टरला मेलही करून टाकली. तिचे साहेब नीरज सर भडकले. कारखान्याला माणसं उद्याच्या उद्या कामावर हवी होती. "मॅडम, छह लिख दो, बात खत्म. सब लिखते हैं. मेल कर दो कि गलती हो गई. नहीं तो अगले महीने का कॉन्ट्रॅक्ट भूल जाओ."

संध्याकाळी घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मी हळदीकुंकवाची डाळ निवडत होते. माझा पारा चढला.

"अगं, लिही की सहा! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"नाही लिहिणार."

"का पण?"

"एकदा खोटं लिहिलंय, आई. गेल्या वर्षी. तुमच्या बाटलीवर."

माझे हात डाळीतच राहिले.

आता सांगूनच टाकते. गेल्या चैत्रात मला ताप आला होता. रविवार होता. रेवतीने सकाळी घरीच माझा नमुना घेतला, बाटली पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली आणि संध्याकाळी लॅबची गाडी येईल म्हणाली. ती हळदीकुंकवाच्या खरेदीला दिवसभरासाठी बाजारात गेली आणि मी फ्रिज उघडला, तर नाकातली घाण माझ्या नैवेद्याच्या दुधाशेजारी! शी! उचलली आणि ठेवली बाल्कनीत, कुंडीमागे. दिल्लीचं ऊन, दिवसभर. संध्याकाळी ती यायच्या पाच मिनिटं आधी गुपचूप परत आत. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी खूश! दोन दिवसांनी थाटात हळदीकुंकू केलं, खालच्या मजल्यावरच्या नीलाला जवळ बसवून पन्हं पाजलं. आठवड्याभरात नीला दवाखान्यात, ऑक्सिजनवर. पंधरा दिवसांनी घरी आली, पण अजून दोन पायऱ्या चढली की तिला धाप लागते. मी वर्षभर स्वतःला बजावत होते, कुणाला काही माहीत नाही.

"बाटली हाताला गरम लागली होती," रेवती म्हणाली. "फॉर्मवर तापमान लिहायचं होतं. घरात पाहुणे येणार, तुमच्याशी कोण भांडणार? मी चार लिहिलं."

"आणि वर्षभर गप्प बसलीस?"

"तुम्हीसुद्धा बसलात ना?"

मला रडूच फुटलं. तीही रडली. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, "उद्या त्याला तोंडावर सांग, चोवीस म्हणजे चोवीस. नोकरी गेली तर जाऊ दे, दोन घास कमी खाऊ!"

तिने सांगितलं. नीरज सरांनी खरंच कॉन्ट्रॅक्ट पुढे दिलं नाही. पण मेल गेलेली होती आणि कारखान्याचा डॉक्टर भला निघाला. छत्तीस जणांचे नमुने त्याने पुन्हा घेतले, दुसऱ्या लॅबला पाठवले. एकोणीस पॉझिटिव्ह! ते एकोणीस जण त्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये चढले नाहीत. रेवती आता दुसरीकडे अर्ज करतेय. नोकरी का सोडली असं विचारलं की सगळं खरं सांगते. दोन ठिकाणी नकार आलाय. येऊ दे!

राहिले मी. सुनेने नोकरीवर पाणी सोडलं, आणि मी काही घडलंच नाही अशी कुंकवाचा करंडा घेऊन आमंत्रणं देत फिरू? नीलाचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाटली, दूध, कुंडी, सगळं.

ती म्हणाली, "वर्षभर माझ्यासाठी सूप आणत होतीस, कुमुद. त्यातल्या एका दिवशी तरी सांगायचंस."

"हो गं. चुकलंच माझं."

"हळदीकुंकवाला मी येणार नाही."

हळदीकुंकवाच्या दिवशी बायका जमल्या होत्या, त्यांना रेवतीवर सोडून मी डाळीचा डबा घेऊन खाली उतरले. नीलाने डबा घेतला आणि दार लावलं. लावू दे. पुढच्या चैत्रातही मीच डबा घेऊन उतरणार आहे. बघते, किती वर्षं दार लावते ती.