दोनदा टकटक

दार सताड उघडं असलं, आतला माणूस समोर दिसत असला, तरी अण्णा चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे आणि थांबायचे.

"आत कोण हाय का?"

"दिसतोय न्हवं मी? या की!" असं आतून आलं की मगच पाऊल पुढं. कपाटावर टकटक, डब्याच्या झाकणावर टकटक, काही उघडण्याआधी कॉम्प्युटरच्या पडद्यावरसुद्धा टकटक. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल आणि त्याच्या पाठीमागं तुम्हीही हसला असाल. मी तर नक्कल करायचे. नक्कल हुबेहूब व्हायची. तेवढं एकच काम मला तेव्हा खरंच येत होतं.

अजूनही भर दुपारी लाईट गेली की नातीची वेणी घालता घालता पेड हातातून सुटतो. ती विचारते, "आजी, तू अंधाराला भितेस?" दुपारी कसला आलाय अंधार! पंखा थांबल्यावर जी शांतता होते ना, तिला मी भिते.

तेव्हा मी निपाणीहून नवीनच बेळगावात आलेली. एका धर्मादाय दवाखान्यात 'कॉम्प्युटर विभाग' अशी पाटी लावलेली खोली होती, पूर्वी तिथं चादरी ठेवत. विभागात माणसं दोन, अण्णा आणि मी. यंत्र एक आणि त्याला जोडलेले पडदे चार. मी सहा महिन्यांचा कोर्स केलेला. सर्टिफिकेट फ्रेम करून टेबलावर मांडलेलं, आणि चालणं असं की जणू दवाखान्याची पायाभरणी माझ्या वाटेकडे डोळे लावूनच झाली होती. ती पोरगी आज समोर आली तर मी तिला लिंबूसरबत पाजीन आणि कोपऱ्यात गप्प बसवीन.

पहिल्याच दिवशी अण्णांनी विचारलं, "फाईल कोण उघडतं?"

"मी. प्रोग्रॅम लिहून."

"न्हाय. तू नुसता अर्ज देतीस. उघडणारा आत बसलाय."

सिस्टीमला ते 'आतला' म्हणायचे. प्रोग्रॅमला फाईल हवी असली की त्यानं खिडकीवर अर्ज द्यायचा. फाईलचं नाव काय, वाचायची की लिहायची, नसली तर नवी करायची का. आतल्याला पटलं तर तो एक आकडा देतो, बँकेतल्या टोकनासारखा. पुढचं सगळं वाचणं-लिहिणं त्या टोकनावर. काम झालं की टोकन परत.

"पण पहिलं टोकन तीनच का येतं?" मी विचारलं.

"शून्य, एक, दोनवर माणसं आधीच बसल्यात गं. एक ऐकणारा, एक बोलणारा, एक तक्रार करणारा. आपल्या विभागात ती तक्रारीची खुर्ची तुझी."

नवी फाईल करायची तर ती कुणी वाचायची आणि कुणी लिहायची, हे तिथल्या तिथं अर्जात सांगावं लागतं. "मागनं भांडणं नकोत," अण्णा म्हणायचे, "आपल्या भागात आधीच लई हायती."

अर्ज नामंजूर झाला की टोकनाऐवजी वजा एक यायचं. अण्णांच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक अट ठरलेली असे. नवी फाईल कर, पण त्या नावाची आधीच असेल तर वजा एक दे. "ही अट म्हंजे टकटक. आत कोण असंल तर आपण शिरायचं न्हाय. आणि वजा एक आलं की चिडायचं न्हाय, का आलं ते वाचायचं."

मी चिडायचे. मला नाही म्हणणारं यंत्र अजून जन्माला यायचं होतं, असं माझं मत होतं.

अण्णांची दुसरी खोड मिटण्याची. नळ, खिडकी, पेनाचं टोपण, फाईल, जे उघडलं ते मिटायचंच. रक्तपेढीच्या काउंटरवरच्या सुमनाक्का याच्या बरोबर उलट. सकाळी आल्या की रक्तदात्यांची नावं शोधायचा प्रोग्रॅम उघडायच्या, तो संध्याकाळपर्यंत तसाच. जेवायला जाताना पडद्यावर टॉवेल टाकला की झालं.

"आक्का, मिटून जावा की ओ!"

"कशाला अण्णा? जेवायलाच चाललोय, नांदायला न्हाय."

एके दिवशी मला त्या यादीत तालुक्याचा रकाना वाढवायचा होता. खरी यादी रक्तपेढीच्या कप्प्यात, आणि माझा चाचणीचा कप्पा वेगळा. त्यात मी त्याच नावाची फाईल करून बघत असे. अण्णा प्रसूतीच्या वॉर्डात प्रिंटर दुरुस्त करायला गेले होते. मी प्रोग्रॅम चालवला. वजा एक. या नावाची फाईल आधीच आहे.

मला वाटलं, कालची माझीच असणार. आपण कोणत्या कप्प्यात आहोत हे बघायला दोन-तीन अक्षरं टाइप करावी लागतात. एवढी सवड त्या विदुषीला नव्हती. मी आधीची फाईल काढून टाकली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. टोकन तीन! मी खुर्चीत मागं रेलून पडद्यावर टकटक केली आणि अण्णांच्या आवाजात म्हणाले, "आत कोण हाय का?"

आत कोणी नव्हतं. फाईल कोरी होती. आणि वर कप्प्याचं नाव होतं रक्तपेढीचं.

भीती आधी पोटात येते म्हणतात. माझ्या ती कानात आली. पंख्याचा आवाज लांब गेला. मी फ्लॉपीवरची प्रत शोधली, तर आमच्या पावसाळ्यानं तिच्यावर बुरशी चढवलेली, यंत्र तिला तोंड लावेना. कागदी वही चार महिन्यांपूर्वी बंद झालेली. "आता वह्या कशाला?" असं मीटिंगमध्ये छाती काढून कोण म्हणालं होतं, ते मला विचारू नका.

तेवढ्यात चौकटीवर टकटक.

"आत कोण हाय का? ओ निगेटिव्हची नावं काढ बघू. निपाणीकडची बाळंतीण हाय, रक्त थांबंना झालंय. पेढीत एकच बाटली..." माझं तोंड बघून अण्णा थांबले. "काय झालं गं?"

"अण्णा, वजा एक आलं. मी... काढून टाकली."

"कुठली?"

"रक्तदात्यांची."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला आणि त्यांनी तो उचलला नाही.

"काउंटरवरचा प्रोग्रॅम चालू हाय का?"

"आक्का जेवायला गेल्यात. टॉवेल टाकून."

"मिटला न्हाय न्हवं?"

"त्या कधी मिटतात?"

अण्णा पळाले. चपला तिथंच राहिल्या. मी वयानं लहान, पुढं निघून आधी पोचले. टॉवेल ओढला आणि प्रोग्रॅम बंद करून नव्यानं उघडावा म्हणून कळफलकाकडे हात नेला.

"हात काढ!" कॉरिडॉरमधले सगळे पेशंट वळून बघायला लागले. अण्णा धापा टाकत आले आणि माझ्या आणि कळफलकाच्या मध्ये उभे राहिले. "नाव पुसलं म्हंजे फाईल गेली न्हाय. कुणीतरी टोकन धरून बसलंय तोवर आतला ती टाकत न्हाय. ह्या प्रोग्रॅमनं सकाळपासनं धरलंय."

"आणि यानं सोडलं तर?"

त्याच क्षणी डोक्यावरचा पंखा हळू झाला, आणखी हळू झाला आणि थांबला.

लाईट गेली होती. टेबलाखालच्या बॅटरीच्या डब्यानं पहिली शीळ घातली. यंत्रालाही तीच बॅटरी होती, ती कागदावर अर्धा तास चालायची. खरी किती, ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रिंटर त्या बॅटरीवर नव्हता. तो प्रोग्रॅम एका वेळी एका गटाची नावं पडद्यावर दाखवायचा, बाकी काही नाही.

"लिही," अण्णा म्हणाले.

खिडकीत एक माणूस चिठ्ठी धरून उभा होता. त्या बाळंतिणीचा नवरा. चिठ्ठी घामानं ओली झाली होती. "म्याडम, रगात गावंल न्हवं?"

मी कागद पुढं ओढला. अण्णा वळून न बघता म्हणाले, "गावंल. हितंच थांबा."

ओ निगेटिव्हची नऊ नावं निघाली. ते वाचत गेले, मी लिहीत गेले. माझं अक्षर त्या दिवशी कोंबडीनं पाय बुडवून काढावं तसं आलं. आक्का दहीभाताच्या हातानंच धावत आल्या आणि डाव्या हातानं फोन फिरवायला लागल्या. पहिला फोन कुणी उचलला नाही. दुसरे पुण्याला गेलेले. तिसरे पिरनवाडीचे मास्तर. शाळेत फोन लागला. आक्का ओरडल्या, "निघालं! वर्ग सोडून निघालं!" नवरा खिडकीखाली मटकन बसला.

पण यादी संपली नव्हती. उद्या आणखी कुणीतरी त्या खिडकीत येणार होतं. ए निगेटिव्ह, बी निगेटिव्ह, एबी निगेटिव्ह झाले. बॅटरीची शीळ जवळजवळ यायला लागली. अण्णांचा आवाज तोच, सरळ, हजेरी घेतल्यासारखा. मात्र एका हातानं त्यांनी पडद्यामागची वायर घट्ट दाबून धरली होती, ती कुठं सुटायला नको म्हणून. तेव्हा मला कळलं की ज्या टकटकीला मी सहा महिने हसत होते ती खोड नव्हतीच. हे माणूस पहिल्यापासून भ्यालेलं होतं. आपल्या एका बोटाखाली किती माणसं असतात, हे त्याला माझ्या आधी ठाऊक होतं. आता आम्ही दोघं भ्यालेलो होतो आणि मला शिकायला उशीर झाला होता.

ओ पॉझिटिव्ह उरकले. बी पॉझिटिव्ह सुरू झाले.

"पाटील," अण्णा म्हणाले, "कोगनोळी. फोन... दोन, तीन..."

पडदा काळा झाला. शीळ थांबली.

मी पेन तसंच धरून बसले. आक्कांनी रिसीव्हर छातीशी धरला. अण्णा पुढं वाकले आणि त्या काळ्या काचेवर त्यांनी बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली. मग थांबले. खरंच सांगते, आम्ही सगळे थांबलो. खिडकीतला नवरासुद्धा.

मास्तर आले तेव्हा त्यांच्या बोटांना खडू होता. बाळंतीण वाचली.

अण्णांनी वर लेखी कळवलं, 'चूक कॉम्प्युटर विभागाची.' मी रडत म्हणाले, "अण्णा, विभागात आपण दोघंच आहोत."

"मग वाटून घिऊ की."

वाटून घेतली म्हणजे काय, तर पुढचे कितीतरी रविवार आम्ही एसटीनं गावं फिरलो. गेलेली नावं परत गोळा करायची होती. कोगनोळीत नाक्याजवळ उतरून चहावाल्याला विचारलं, "हितं पाटील कोण?" तो म्हणाला, "कोण न्हाय ते इचारा, लौकर हुईल." अण्णा एकेका दारावर दोनदा टकटक करायचे. "आत कोण हाय का? रगात देणारं?" चौदाव्या दारात तो पाटील सापडला. गोठ्यातून हात पुसत आला आणि म्हणाला, "एवढं लांब आलासा? फोन करायचा न्हाई व्हय?" त्या दिवशी अण्णा हसले. हसतच बसले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आक्कांना ते एवढंच म्हणाले, "त्या दिवशी मिटला न्हाईसा, लई बेस केलासा."

"मग आता रोज उघडा ठिवू?"

"न्हाय. रोज वहीत लिवा."

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी पिरनवाडीला त्यांच्या घरी गेले. काकू ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आत त्यांची खोली हाय, बघून ये जा. नुसती कडी लावलीया."

मी दारापाशी उभी राहिले. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली आणि थांबले.

उत्तर आलं नाही. पण उत्तर आलं नाही म्हणजे आत कोणी नाही, असं मला आता धरता येत नाही. मी आणखी थोडी थांबले. मग कडीला हात न लावता ओट्यावर आले आणि काकूंच्या सुपातले खडे वेचायला बसले.