आईची वेळ: रविवारी चार ते पाच

आम्ही जुन्या नर्सा चहाला जमलो की पेशंटचे किस्से निघतात. एकीनं सुरू केला की दुसरीला त्याहून भारी आठवतो, आणि चहा गार होऊन जातो. मी साताऱ्याच्या दवाखान्यात नोकरीला लागले ती दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला सहा खाटा, तेवढाच आमचा मुलांचा विभाग. त्या खाटांची मला अजून ओढ वाटते. आयांना भेटायची वेळ रविवारी चार ते पाच. बाकी आठवडाभर मुलं दाराकडं बघत असायची, आणि ते दार लावायचं काम माझं.

* * *

मुंबईला शिकून आलेल्या नाना डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कंपाउंडर वामनरावांना विचारलं, "मुलांचा डोस कसा ठरवता?"

"मोठ्यांच्या निम्मा."

"आणि वर्षाच्या बाळाला?"

"निम्म्याचा निम्मा. फारच बारकं दिसलं तर बाटली न हलवता वरचंच पाणी देतो."

नानांनी त्याच आठवड्यात वजनकाटा मागवला.

* * *

पण पोराचं वजन केलं की दृष्ट लागते, म्हणून एकही आई तयार होईना. मग नानांनी युक्ती काढली. आईनं पोराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग पोर माझ्याकडं देऊन एकटीनं. वजाबाकी आमची आम्ही करायची.

कुंडलची एक बाई काट्यावरून उतरता उतरता म्हणाली, "आवं डॉक्टर, माझंच वजन बघायचं हुतं तर सरळ सांगायचं की! पोराला कशाला मधी घेताय?"

* * *

आयांना वॉर्डात राहू द्या, म्हणून नाना दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या मागं लागले होते.

साहेब म्हणाले, "हा दवाखाना आहे, जत्रा नव्हे."

"मुलांना जत्रा आवडते, साहेब."

साहेब दोन दिवस नानांशी बोलले नाहीत.

* * *

वडूजकडचा चार वर्षांचा बिरा विषमज्वरानं आला. बाप मेंढरं घेऊन लांब गेलेला. आई दवाखान्याबाहेर लिंबाखाली बसून. रविवारी ती भेटून गेली की पोरगं जास्तच रडतं, म्हणून साहेबांनी तीही भेट बंद केली.

ताप उतरला, पण बिरा काही खाईना. आधी "आये, आये" करायचा, मग रडणंही थांबलं. साहेब म्हणाले, "रुळला." मलाही तसंच वाटलं, त्याची आजही लाज वाटते.

रोज मीच त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढायचे. तो वजनाचा कागद नानांनी साहेबांपुढं ठेवला. "ताप गेलाय, साहेब. मग वजन का उतरतंय?"

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "बोलवा तिला," म्हणाले.

मी दार उघडलं. इतके दिवस आत सोडा म्हणून माझ्या विनवण्या करणारी ती बाई उंबऱ्यावरच थांबली. "वळखंल का वं मला?"

मी तिला हाताला धरून खाटेपाशी नेलं. बिरानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. तिनं हाक मारली. वळला नाही. पुन्हा मारली. नाहीच.

"लय रागावलाय," ती म्हणाली आणि डोळे पुसत उठायला लागली.

तसा त्यानं पाठीमागं हात करून तिचा पदर मुठीत धरला. तोंड भिंतीकडंच.