ल्युबिशाच्या गाडीचे खरे किलोमीटर

सर्बियातल्या झायेचारच्या व्हितोमिर मेकॅनिकला आताशा बॉनेट उघडण्याआधीच दम लागे. एकसष्टी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले, चाळीस वर्षं लोकांची रडगाणी ऐकून कान किटलेले. त्यात आजची गाडी ल्युबिशाची, म्हणजे त्याच्या कुमाची. एकमेकांच्या लग्नात साक्षीला उभं राहायचं, एकमेकांच्या लेकरांना बाप्तिस्म्याला हातात धरायचं, असं हे कुमाचं नातं. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही.

काम साधं होतं, तेल गळत होतं. पण इंजिनाचं पुढचं कव्हर काढलं आणि आतली टायमिंग चेन दिसली. बोटाने दाबली तर जुन्या वाळणीच्या दोरीसारखी लोंबली.

"चेन बदलावी लागेल. सामान सोमवारी येईल."

दारातल्या स्टुलावर कॉफी पीत बसलेला ल्युबिशा हसला. "डोकं फिरलंय का तुझं? शनिवारी येलित्सा पोरांना घेऊन याच गाडीने समुद्रावर निघालीय. आणि गाडी धावलीय किती? एक लाख चाळीस हजार! अडीच लाखांपर्यंत चेनकडे बघायचंसुद्धा नाही, असं तूच सांगितलंस ना, कुमा?"

सांगितलं होतं खरं. सहा वर्षांपूर्वी ही गाडी जर्मनीहून आणून विकलीही त्यानेच. आणलेल्या प्रत्येक गाडीच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा तो मागे फिरवायचा. सगळेच फिरवायचे, खरा आकडा दाखवणाऱ्याकडे गिऱ्हाईक फिरकत नसे. ही गाडी कुमाकडे जाईल हे आकडा फिरवताना माहीत नव्हतं, असं तो मनाला समजावत आला होता. पण विकताना तोंड उघडायला त्याला कोणी बंदी केली होती?

कव्हर लावून मोकळं व्हावं का? टिकेलही चेन. आणि घाटात तुटून इंजिनच बंद पडलं तर? गाडीत येलित्सा असणार, त्यानेच बाप्तिस्म्याला हातात धरलेली कुमाची लेक, तिची पोरं असणार. खोटं रेटायलाही अंगात बळ लागतं. ते आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"दोन लाख नव्वद हजार," तो म्हणाला. "खरी एवढी धावलीय. दीड लाख मी उडवले."

ल्युबिशाने कप खाली ठेवला.

"तू आकडे फिरवतोस हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे रे. मीच हसत हसत सांगायचो लोकांना. मला आपलं वाटायचं, माझी गाडी सोडून."

व्हितोमिरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"येलित्साला काय सांगू आता?" ल्युबिशाने विचारलं.

"सांग, सामान मिळालं नाही म्हणून."

"म्हणजे अजून एक आकडा फिरवू?" ल्युबिशाने नंबर लावला आणि फोन त्याच्या तेलकट हातात दिला. "तूच बोल."

"कुमा, तुम्ही!" पलीकडून येलित्साचा आनंदी आवाज आला. "बाबांना म्हटलंच मी, तुमच्या हातात गाडी आहे म्हणजे काळजी नको!"