उन्हात गाडी लावणारे मामा

आमचे मामा भर मे महिन्यात झाडाखालची रिकामी जागा सोडून मुद्दाम रखरखीत उन्हात गाडी लावायचे. "आवं, सावलीला घ्या की," म्हणत कुणी ना कुणी धावत यायचंच. मामा गाडीच्या टपाकडे बोट दाखवत. "सावली माणसाला. गाडी ऊन पितीया."

टपावर दोन सोलर पॅनेल होती. लष्करात गाड्यांच्या वायरिंगचं काम करून मामा निवृत्त झाले आणि आष्ट्याला आल्यावर वर्षभर खपून त्यांनी जुन्या टेम्पोचं फिरतं घर केलं. आत पलंग, शेगडी आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज. खरा खटाटोप त्या फ्रीजसाठीच होता. मामींना इन्शुलिन लागायचं. ते उन्हाळ्यात खराब होईल या धास्तीनं मामींनी अकरा वर्षं गावाबाहेर रात्र काढली नव्हती. समुद्र त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलेला.

मामांच्या गाडीत इंजिनाची बॅटरी वेगळी, फ्रीजची वेगळी. एकीचं काम दुसरीला सांगायचं नाही. "दाराची फळी चुलीत घालायची न्हाई, गड्या," ते मला बजावत. मी माधवनगरला शाळेत विज्ञान शिकवतो. पण बॅटरी म्हणजे काय हे मला खरं त्यांनीच शिकवलं. एकदा मी फ्रीजच्या बॅटरीवर तासभर गाणी ऐकली, तर मामांनी जेवतानाही माझ्याकडे पाहिलं नाही.

पहिली सफर निघाली ती खंडाळ्याला, मामींच्या बहिणीकडे वास्तुशांतीला. तिथून पुढे समुद्र. मीही बरोबर होतो. मामांनी अंगणात नेमकी उन्हाची जागा हेरून गाडी लावली आणि साडूभाऊ आम्हा दोघांना शेत दाखवायला घेऊन गेले. इकडे घरच्यांना ते बघवेना. पाहुण्यांची गाडी उन्हात म्हणजे घराण्याची शोभा! त्यांनी मोठ्या प्रेमानं टपावर दोन ताडपत्र्या टाकून करकचून बांधल्या. संध्याकाळी वीज गेली ती आलीच नाही. मग जमलेल्या साऱ्या पाहुण्यांचे मोबाईल आमच्या गाडीत चार्जिंगला लागले आणि म्हाताऱ्यांसाठी पंखाही तिथूनच फिरला. अंधारात शेतावरून परतलेल्या मामांना नि मला तोवर पंगतीत आग्रहानं इतकं वाढलं होतं की आम्ही दोघंही घरातच आडवे झालो होतो.

सकाळी मामी इन्शुलिन घ्यायला गाडीत गेल्या. फ्रीज गप्प होता.

मामांचा चेहरा उतरला. आतल्या तापमानाच्या काट्यावर गारवा अजून पुरेसा होता, पण फार वेळ टिकणार नव्हता. साडूभाऊ कान धरून उभे. "पाव्हणं, आमाला वाटलं गाडीला ऊन लागंल." मामा रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी गाडी सुरू केली. इंजिन चाललं की फ्रीजची बॅटरीही भरायची, तशी सोय त्यांनी केली होती. अर्ध्या तासात फ्रीज पुन्हा गुरगुरू लागला. तरी त्यांनी गाडी साताऱ्याकडच्या रस्त्याला, घराकडे वळवली होती. "चुकलं माझं. उगं तुला भाईर काढली," ते म्हणाले.

मामी खिडकीतून बघत होत्या. "आवं, घरला गेलं तरी बॅटरी भरनार, न् पुढं गेलं तरी भरनार. मग पुढंच चला की!"

मामांनी मला हसून विचारलं, "हे तुज्या पुस्तकात हाय का रं?" दुसऱ्या दिवशी मामी कोकणात गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि काठावरून मामा ओरडत होते, "लय आत जाऊ नगंस!" मामांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दोघं चार वर्षं फिरले. गेल्या वर्षी मामा गेले. मला अजूनही करमत नाही. दिवस झाल्यावर मी भीतभीत मामींपुढे गाडी विकायचा विषय काढला. त्यांनी फ्रीजचं दार उघडलं, आत इन्शुलिनची खोकी नीट मांडली आणि दार लावून घेतलं.

"विकायचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुजी सुट्टी कवा लागती, ते सांग."